हौद तेवढा उपसला

नितीन,

तुझं हेल्मेट शाबूत आहे. कशेडीच्या उतारावर खडीच्या ट्रकने तुझी मोटारसायकल चेपून टाकली, तुझं काय झालं ते मी इथे लिहिणार नाही, पण आरशाला अडकवलेलं हेल्मेट उडून गवतात पडलं आणि त्याला ओरखडासुद्धा आला नाही. पोलिसांनी ते स्नेहलच्या हातात दिलं. ती ते धरून दारात उभी होती आणि येईल त्याला 'हे कुठे ठेवू?' म्हणून विचारत होती. नवऱ्याची माती व्हायच्या आधी बायकोला पडलेला प्रश्न हा. मला तेव्हा तुझा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

लकवा झालेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हे तुझं काम. तुझ्या वाडीतल्या कोमट पाण्याच्या हौदात उतरताना आम्हा पेशंटांपैकी कुणी कठड्याची नळी धरायला विसरलं की तू केवढा ओरडायचास! 'सर, वर्गात आम्हाला शिस्त लावलीत ना? मग हात नळीवर ठेवा.' मी तुझा मास्तर, वयाने तुझ्या बापाएवढा, आणि चार माणसांत तू माझी अशी हजेरी घ्यायचास. मी मुकाट नळी धरायचो. आणि स्वतः मात्र खेडच्या पेशंटकडे बोडक्या डोक्याने घाट उतरायचास. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. चांगलं बोलणारे तुझ्या शोकसभेत पुष्कळ होते. जे कधी वाडीकडे फिरकले नाहीत तेच माईकला चिकटून बसले होते. एका पुढाऱ्याने तुला 'रुग्णसेवेचा दीपस्तंभ' केलं. महाडात समुद्र कुठे आहे, असं तू माझ्या कानात कुजबुजला असतास. मी हसायला वळलो तर शेजारी बायको, शालिनी. ती म्हणाली, 'चला, घरी जाऊ.' मी खरोखरच उठून आलो. जे बोलायचं ते तुझ्याशीच बोलायचं आहे, माईकवरून नाही.

पोलादपूरच्या शाळेत मी तुला विज्ञान शिकवलं. पाण्यात वस्तूचं वजन घटतं, हा धडा मी शिकवत असताना तू खिडकीतून बाहेर बघत होतास. मी तुला उभं केलं आणि विचारलं, 'काय शिकवलं आत्ता?' तू म्हणालास, 'सर, विहिरीतून कळशी वर ओढताना पाण्याबाहेर आली की जड होते, तेच ना?' वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं म्हणून मला जास्तच राग आला. तेव्हापासून तुझी आणि माझी ही रीत पडली: मी चिडायचं आणि तू बरोबर असायचं.

निवृत्तीनंतर एका सकाळी माझ्या हातातला तांब्या सुटला. उचलायला वाकलो तो वर आलोच नाही. पनवेलच्या दवाखान्यातून घरी परतलो तेव्हा डावा हात मुठीत वळलेला, डावा पाय ओढायचा आणि तोंडातून शब्द निघायचा तो अर्धा. आपल्याकडे याला वारं गेलं म्हणतात, आणि वारं गेलेल्याला पाणी वर्ज्य. खिडक्या लावल्या. भर उन्हाळ्यात माझ्या कानाला मफलर बांधला. आंघोळ बंद, नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं. माझा मेव्हणा पिशवीतून कबुतर घेऊन आला. त्याचं गरम रक्त चोळलं की अंग सुटतं म्हणे. जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस मी, नको म्हणायला तोंड उघडलं तर नुसती लाळ आली. शालिनीने ते कबुतर गच्चीवर नेऊन सोडून दिलं आणि भावाला चहा न देता परत पाठवलं. त्या एका गोष्टीसाठी मी तिच्या सगळ्या जन्माच्या कटकटी माफ केल्या आहेत.

मग तू आलास. कुणी बोलावलं नव्हतं. आधी खिडक्या उघडल्यास, मग मफलर सोडलास, माझा दाब मोजलास, पनवेलचे कागद वाचलेस, आणि म्हणालास, 'काकू, सरांच्या डॉक्टरांशी मी बोलतो. त्यांनी हो म्हटलं की सोमवारपासून सर पाण्यात.'

'वारं गेलेल्या माणसाला पाण्यात घालतोस? मारायचंय का त्यांना?'

'काकू, जमिनीवर हे पडले तर लगेच आपटतात. पाण्यात पडायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात पाय टाकता येतो.'

शालिनीला ते पटलं नाही. मला पटलं, पण मला बोलता येत नव्हतं. मी उजवा हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा मी तुझ्यापुढे हात वर केला, हे तुझ्या लक्षात आलं होतं की नाही, ते विचारायचं राहून गेलं.

वरंधच्या रस्त्याला तुमच्या वाडीत तुझ्या वडिलांनी नारळी-पोफळीसाठी बांधलेला तो हौद. तू त्याला आतून गुळगुळीत गिलावा केलास, रुंद पायऱ्या केल्यास, दोन्ही बाजूंना नळ्यांचे कठडे बसवलेस, वर पत्रा घातलास. गरम पाणी छपरावरच्या सोलरचं, आणि आभाळ आलं की कोपऱ्यातल्या तांब्याच्या बंबाचं. छातीपर्यंत कोमट पाणी. पहिल्या दिवशी तू आणि स्नेहल दोघांनी मला धरून खाली उतरवलं. पाणी कमरेच्या वर आलं तसा माझा डावा पाय, जो मी महिनोन्‌महिने ओढत होतो, तो आपला आपण वर यायला लागला. मी घाबरून तुझी कॉलर धरली.

'सर, शर्ट सोडा, फाटेल.'

मी सोडला नाही.

'आता पडा.'

'का... काय?'

'पडा, सर. मी आहे.'

तू माझा हात सोडलास. मी डावीकडे कललो आणि हळूहळू, अगदी हळूहळू कलत राहिलो. मधे इतका वेळ होता की मला भीती वाटून झाली, तुला शिव्या देऊन झाल्या, आणि मग माझा डावा पाय पुढे गेला. मी तो टाकला असं म्हणता येणार नाही. पण तो गेला आणि मी उभा राहिलो. मी रडलो तेव्हा तू माझ्या तोंडावर पाणी मारलंस, म्हणजे कुणाला कळू नये. पाण्यातून बाहेर येताना अंगावर तांदळाचं पोतं टाकल्यासारखं वजन परत आलं. तू म्हणालास, 'कळशी पाण्याबाहेर आली, सर.'

त्या हौदाने मला चमचा धरायला शिकवलं, 'शालिनी' हा शब्द पुन्हा पुरा म्हणायला शिकवलं. आखातातून परत आलेला तुडीलचा इक्बाल, ज्याला लेकाने खाटेवरून आणलं होतं, तो काठी घेऊन मशिदीपर्यंत जायला लागला. बायकांची वेळ वेगळी होती, त्यांचं बघायला स्नेहल पाण्यात असायची. कुणाचं आडनाव काय आणि कोण कुठल्या वाडीचं, हे त्या हौदाने कधी कुणाला विचारलं नाही. तू हे मोठ्या अभिमानाने सांगायचास. माझं आणि तुझं भांडण तिथूनच सुरू व्हायचं.

हौद मुळात तू तुझ्या आईसाठी बांधला होतास. माझ्या कितीतरी आधी तिला वारं गेलं होतं. सुरुवातीला ती रोज उतरायची, पायाला जोर यायला लागला होता, परसापर्यंत एकटी जायला लागली होती. हे मला स्नेहलने सांगितलं. मग तू हौद सगळ्यांना उघडा केलास. मी आलो, इक्बाल आला, आमच्या बौद्धवाडीतल्या दोन बाया आल्या. आणि तुझ्या आईने उतरणं सोडलं. ती पडवीत बसून आमच्याकडे बघत राहायची, आणि तिचा पाय पुन्हा ओढायला लागला.

मी तुला विचारलं, 'आई का उतरत नाही?'

'तिला थंडी वाजते, सर.'

'पाणी कोमट आहे.'

'वय झालंय. भीती वाटते तिला.'

'सावित्रीच्या डोहात पोहून वाढलेली बाई ती. तूच सांगितलंस मला.'

'सर, तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा.'

मी सरळ म्हटलं. तू लाल झालास. म्हणालास, 'तुम्ही सगळीकडे तेच बघता. काळ बदलला सर, तुम्ही बाहेर या त्यातून. इथे कोणी विचारत नाही कुणाला.' मी म्हटलं, 'विचारत नाहीत रे. पण हिशेब ठेवतात.' तू पंप बंद करायला गेलास. दुसऱ्या दिवशी आपण दोघेही काही झालंच नाही असे वागलो. पण तो वाद मी सोडला नव्हता. दर काही महिन्यांनी मी तो उकरून काढायचो आणि तू दर वेळी थंडीच सांगायचास. तुला खरंच तसं वाटत होतं, की आईला उघडं पाडायचं नव्हतं, हे मला कधीच कळलं नाही. मूग गिळून बसण्यात तू पटाईत होतास.

माझं काय चुकत होतं, सांग ना. माझे आजोबा या महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्यांपैकी एक. ओंजळभर पाणी प्यायले आणि डोकं फुटून घरी आले. मग लोकांनी त्याच तळ्यातून घागरी भरभरून पाणी काढलं, त्यात शेण-गोमूत्र कालवून परत ओतलं आणि तळं शुद्ध झालं असं ठरवलं. आमच्या घरात ही गोष्ट मुलांना पत्ता पाठ करून घ्यावा तशी पाठ करून घेतात. मी त्यातून बाहेर यावं म्हणतोस? ते तर सोड, मी तुझ्या हौदातून बाहेर यायला पण कुणाचा तरी हात धरतो.

आता ऐक, तू गेल्यावर काय झालं ते.

तुझी माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी इक्बालचा फोन आला. 'सर, हौद खाली हाय. मी आत्ता बघून आलो. ठणठणीत सुका.' मला वाटलं, गळती लागली असेल. मी रिक्षा करून वाडीत गेलो. हौदाचं खालचं बूच काढलेलं, पाणी पोफळीत सोडलेलं, तळाशी चिखल आणि एका पायरीवर स्नेहलची विसरलेली रबरी चप्पल. कडेला गोमूत्राचा कॅन.

तुझे चुलते तात्या पडवीत खुर्ची टाकून बसले होते. डोळे सुजले होते त्यांचे. तुझ्यावर त्यांचा जीव होता, ते मी नाकारत नाही.

'या सर, बसा.'

'हौद कोणी उपसला?'

'आम्हीच. सुतकाचं पानी ठेवत नाय, सर. घरातले हंडे-कळश्या पन वतल्या.'

ही रीत मलाही ठाऊक आहे. घरात माणूस गेलं की साठवणीचं पाणी ओतून टाकतात. मी म्हटलं, 'बरं. आणि विहीर?'

'विहिरीला झरे हायत. ते पानी जितं असतं.'

'मान्य. आणि घरावरची काळी टाकी?'

तात्यांनी वर टाकीकडे बघितलं.

'ती साठवणीचीच ना? ती ओतली?'

न्हाणीच्या बाहेर त्या टाकीचाच नळ चालू होता आणि तात्यांची सून त्याखाली भांडी घासत होती. तिने हात थांबवला. तात्या म्हणाले, 'सर, हा दुखवट्याचा टाइम हाय. आता हे काय काढताव तुम्ही?'

'मी काढलं नाही, तात्या. पाणी तुम्ही काढलंत.'

'तसं काय नाय आमच्या मनात.'

'मग गोमूत्र?'

'घरभर शिंपडलं. देवघरात पन.'

प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर होतं आणि एकही उत्तर खोटं आहे असं मला सिद्ध करता आलं नसतं. टाकीला मात्र नव्हतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी तिथून निघालो, घाईत माझा डावा पाय उंबऱ्याला अडकला आणि मी पडलो. तुझ्याच पडवीत, तात्यांच्या पायाशी. जमिनीवर पडायला वेळ लागत नाही. त्यांनी मला उचललं. मला त्यांच्याकडून उचलून घ्यावं लागलं. तेवढं एक तू टाळू शकला असतास, डोक्यावर हेल्मेट घातलं असतंस तर.

घरी आलो आणि ठरवलं, परत तिकडे पाऊल टाकायचं नाही. शालिनी म्हणाली, 'बरोबर आहे तुमचं.' पण तिची नजर माझ्या हातावर होती. तेराव्याच्या आतच माझी बोटं परत मुठीत वळायला लागली. सकाळी मी ती उजव्या हाताने एकेक करून सोडवायचो, दुपारपर्यंत परत मिटलेली. चहाचा कप धरताना उपडा झाला. शब्दही अडखळायला लागले, ते हौदामुळे की संतापामुळे, कोण जाणे. इक्बालच्या मुलाने सांगितलं, बाबा पुन्हा खाटेवरच असतात, दाराकडे बघत. म्हणजे तुझ्या भावकीने नुसतं पाणी ओतलं नाही. आमचे पाय ओतून टाकले पोफळीत.

तुझं तेरावं झालं आणि स्नेहलचा फोन आला. 'सर, हौद भरतेय.'

'तात्या भरू देतील?'

'त्यांनी पंपाच्या स्टार्टरचा फ्यूज काढून ठेवलाय. म्हणतात, उन्हाळा आहे, विहिरीला पाणी कमी. मी महाडहून नवीन आणून बसवला. विहिरीला पाणी किती आहे ते मला दिसतं. आणि माणगावची सुप्रिया, यांच्याबरोबर शिकलेली, ती आठवड्यातून एकदा येऊन पेशंट बघायला तयार आहे. तुम्ही कधी येताय?'

'मी येणार नाही.'

'का?'

मी तिला टाकी सांगितली. गोमूत्र सांगितलं. आजोबा सांगितले. अडखळत सांगितले, पण सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तू माझं असं शेवटपर्यंत कधी ऐकून घेतलं नव्हतंस. मग ती म्हणाली, 'सर, मला सगळं माहितेय. मी त्याच घरात राहते. तुमच्या वाडीतल्या बायकांना मी चहा दिला की कप कुठल्या फळीवर जातो, ते मला बघावं लागतं. मी तो उचलून आपल्या फळीवर ठेवते आणि कोणीतरी परत खाली ठेवतं. हे यांना सांगितलं तर हे म्हणायचे, जाऊ दे, होईल हळूहळू. आता हे नाहीत. आणि तुम्ही म्हणताय, येणार नाही. म्हणजे तात्यांना जे पाहिजे होतं ते तुम्हीच करून देताय. यांच्यावर रागावलात, भावकीवर रागावलात, आता पाण्यावर पण रागावणार?'

'मला तिथे उतरताना लाज वाटेल.'

'मग लाज वाटत उतरा. पण उतरा.'

नितीन, तुझ्यापेक्षा तुझी बायको शंभर पटीने खमकी आहे. तू हे मान्य करायला हवं होतंस, निदान एकदा, माझ्यासमोर.

मी गेलो. विहीर खरंच आटलेली होती, हौद भरायला फार वेळ लागला होता. स्नेहलने सोलरचं पाणी सोडलं होतं, वर बंबाचं. सुप्रिया पाण्यात उभी होती. इक्बाल आधीच आत होता, नळी दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून. तात्या वाडीच्या फाटकाशी उभे होते. त्यांनी मला अडवलं नाही, आणि या सर, असंही म्हटलं नाही. मी पहिल्या पायरीवर थांबलो. कोणीतरी मला अडवावं असं मला वाटत होतं, म्हणजे मी परत जाऊ शकलो असतो. कोणी अडवलं नाही. मी उतरलो. पाणी छातीला लागलं तेव्हा माझी बोटं उघडली. त्या वेळी मला आभार मानावेसे वाटले नाहीत. ज्यांच्यामुळे बंद झाली होती, त्यांच्याच हौदात उघडली, याचं मला रडू आलं, आणि ते लपवायला तोंडावर पाणी मारणारं कोणी नव्हतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. तुझी आई पडवीतून उतरून आली. स्नेहल धावली तर तिला हाताने थांबवलं. पाय फरपटत हौदाच्या काठाशी आली आणि उभी राहिली. बायकांची वेळ नव्हती. इक्बालने मान वळवली. मी वळवली नाही.

'मास्तर,' ती म्हणाली, 'मना थंडी नव्हती वाजत.'

'मला ठाऊक आहे.'

'त्याला ठाऊक व्हतं?'

तुझ्या आईच्या तोंडावर फेकायला माझ्याकडे कितीतरी होतं. वर्षानुवर्षं साठवलेलं होतं. हा वाद मी जिंकलो होतो, तिने स्वतःच्या तोंडाने मला जिंकवलं होतं, आणि तू ऐकायला नव्हतास. मी म्हटलं, 'बाई, हे तो असताना विचारायचं होतं.'

'व्हय,' ती म्हणाली. 'तो असताना उतरायला पायजे व्हतं.'

फाटकाशी तात्या उभे होते, त्यांनी ऐकलं असेल. तिने काठी स्नेहलकडे दिली, लुगड्याचा ओचा खोचला आणि मला विचारलं, 'पयला कुठला पाय टाकू?'

'उतरताना आधी दुखरा. चढताना आधी चांगला. आणि नळी धरा.'

तिने नळी धरली. दुखरा पाय खाली ठेवला, मग चांगला. पुन्हा दुखरा. गुडघ्यापर्यंत पाणी आलं, मांडीपर्यंत आलं. लुगडं भोवती फुगून वर आलं. कमरेपर्यंत पोचली तसा तिचा पाय तळाचा सुटला आणि ती डगमगली. सुप्रिया हात पुढे करून निघाली, पण ती दोन हात लांब होती आणि मी जवळ होतो. तुझी आई घाबरून ओरडली, 'नितीन, धर रे मला!'

इक्बालने डोळे उघडले. स्नेहलने तोंडावर पदर धरला. मी उजवा हात नळीवरून काढला आणि पुढे केला. तिने तो गच्च पकडला. तिची नखं माझ्या मनगटात रुतली. ती माझ्याकडे बघत नव्हती, बंबाजवळच्या त्या कोपऱ्याकडे बघत होती, जिथे तू उभा राहायचास. पुन्हा म्हणाली, 'नितीन?'

आणि मी म्हटलं, 'ओ.'

तुझ्या आईने तुला हाक मारली आणि ओ मला द्यावी लागली. याचा राग मी आता कुणावर काढू, ते सांग.